लाँग डिस्टन्स ट्रायथलॉनच्या ट्रेनिंगसाठी शहर कसं असावं?
लोक आधी हवामान आणि समुद्र बघतात, पण माझ्या मते पहिलं बघायचं ते सायकलचे रस्ते, कारण फुल डिस्टन्समध्ये ३.८ किमी स्विम, १८० किमी बाईक आणि ४२.२ किमी रन असतो म्हणजे जवळपास निम्मा वेळ सीटवरच जातो, आणि घरातून निघून अर्ध्या तासात सिग्नल संपत नसतील तर दोन तास सलग एरो बारवर (हँडलला पुढे लावलेले, कोपर टेकवायचे दांडे) वाकून बसायची सवय लागणार कशी? दर चौकात क्लीट (बुटाला पेडलशी अडकवणारा तुकडा) काढून पाय टेकवत इंटरव्हल (ठरावीक वेळ जोरात, मग हळू) होत नाहीत राव.

रस्त्याला रुंद शोल्डर (कडेची मोकळी पट्टी) आणि जवळपास एखादा लांब चढ हवाच. स्विमिंग पूल ५० मीटरचा आणि पहाटे उघडणारा असला तर नोकरी सांभाळून जमतं, ओपन वॉटर (तलाव किंवा समुद्र) आठवड्यातून एकदा मिळालं तरी चालतं. रनिंगला मातीची वाट असेल तर नडग्या वाचतात. अमेरिकेतलं बोल्डर शहर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरच्या वर आहे, विरळ हवेत सराव होतो म्हणून त्याचं नाव घेतात, पण मला विचाराल तर गावाबाहेर पडलं की लगेच डोंगर सुरू होतो हे जास्त कामाचं.

आणि हो, शनिवारी पाच तास सोबत पेडल मारणारे दोन-चार येडे पण शोधून ठेवा.