विचित्र स्वप्नावरून इलेक्ट्रॉनिक कॉन्सेप्ट अल्बम करतोय. ऐकणाऱ्याला स्वप्न कळावं म्हणून मध्ये मध्ये निवेदन घालू का?

नको. मी तो उद्योग करून बसलेय, म्हणून सांगते.

माझ्या स्वप्नात एक जिना होता. मी उतरतेय, उतरतेय, आणि दर वळणावर मजला तोच, तिसरा. वरून कुणीतरी हाक मारायचं. पण आधी प्रतिध्वनी यायचा, मग हाक. बस, एवढंच. यावर मी सात ट्रॅक केले आणि प्रत्येकाच्या आधी माझ्याच आवाजात "मग मी पुन्हा खाली निघाले" छापाचं निवेदन. मैत्रिणीला ऐकवलं, तर तिसऱ्या ट्रॅकला तिनं मोबाईल हातात घेतला. बरोबरच आहे, दुसऱ्याचं स्वप्न कोण ऐकतं?

नंतर डोक्यात प्रकाश पडला, की माझ्या स्वप्नात गोष्ट नव्हतीच. दोन नियम मोडले होते: उतरूनही खाली पोचायचं नाही, आणि परिणाम कारणाच्या आधी. हे दोन्ही सांगायची गरज नाही, आवाजातच करता येतं.

जिन्यासाठी शेपर्ड टोन वापरला. रॉजर शेपर्ड या मानसशास्त्रज्ञानं १९६४ साली मांडलेला हा कानाचा भ्रम. एकेका सप्तकाच्या अंतरावरचे बरेच सूर एकदम वाजवायचे आणि सगळे मिळून खाली न्यायचे. तळाचा सूर विरत जातो, त्याच वेळी वरून नवा सूर चोरपावलांनी आत येतो. कानाला वाटतं आवाज खाली चाललाय, पण तो कुठंच पोचत नाही. यातली सलग घसरण नंतर झाँ-क्लोद रिसे या संगीतकारानं केली; शेपर्डचे सूर मात्र टप्प्याटप्प्यानं उतरतात. मला टप्पेच हवे होते, जिनाच तो!

हाकेसाठी उलटा रिव्हर्ब. रिव्हर्ब म्हणजे आवाजामागे रेंगाळणारा घुमारा, त्याचं शेपूटच म्हणा. क्लिप उलटी करा, लांब रिव्हर्ब लावून रेंडर करा (म्हणजे इफेक्टसकट नवी क्लिप काढा), परत उलटी करा. शेपूट आधी, शब्द नंतर. फक्त रेंडर करताना शेवटी भरपूर मोकळी जागा ठेवा, नाहीतर ते शेपूट मध्येच छाटलं जातं. माझी एक अख्खी संध्याकाळ यात गेली.

बोललेले शब्द हवेच असतील, तर १९६४ मध्येच इलेक्ट्रॉनिक संगीतकार डेलिया डर्बीशायर आणि नाटककार बॅरी बर्मांज यांनी बीबीसी रेडिओसाठी केलेलं 'द ड्रीम्स' ऐका. लोकांनी सांगितलेली स्वप्नं, पण वाक्यं तोडून, एकमेकांत मिसळून; पळणं, पडणं, जमीन, समुद्र, रंग असे पाच भाग. कोण बोलतंय, त्याचं पुढं काय झालं, याचा पत्ता नाही. जर्मन संगीतकार श्टोकहाउझेनची १९७१ची 'ट्रान्स' ही रचनाही स्वप्नातूनच आलेली. तिच्यात मधूनच मागाच्या धोट्याचा आवाज सभागृहाच्या एका बाजूकडून दुसरीकडे धावतो. का, ते कुणी समजावत बसत नाही.

आणखी एक: शेवटी 'जाग आली' असा ट्रॅक करू नका. मोह होतो, मलाही झाला होता.

माझ्या सातांचे चार उरले. निवेदनाचं काम ट्रॅकच्या नावांवर सोडलं. चौघांचंही नाव 'तिसरा मजला'. अल्बम चढवताना फॉर्म दर वेळी विचारत होता, हे नाव चुकून पुन्हा टाकलंय का?