जळगावहून अलिबागकडच्या खाडीत गळ टाकायला जायचंय, जागा कशी निवडू?

भाऊ, हतनूर धरणाच्या पाण्याची सवय असली तरी खाडीत आधी भरती-ओहोटी बघा. कोकणातला हिशोब असा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दिवसाही आणि रात्रीही.

ओहोटीत कांदळवनातला बारका ओहोळ मोठ्या खाडीला मिळतो, ते तोंड पकडा. उतरत्या पाण्याबरोबर कोळंबी, बारीक मासळी बाहेर येते आणि जिताडा हा शिकारी मासा तिथंच दबा धरून बसतो.

चिखलात काठीने चाचपत चला. काठी सहज आत गेली की मागे फिरा. पाणी चढू लागलं की मासा लागत असला तरी निघा, कारण पाठीमागचा ओहोळ आधी भरतो आणि वाट तुटते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात नवख्याने खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीत, उतरूच नये. एकटे तर कधीच जाऊ नका, गावातला कोळी सोबत घ्या.