ती पाटी काढ

प्रिय,

तुझ्या गाण्याचा व्हिडिओ तीनदा पाहिला, तिसऱ्यांदा आवाज बंद करून. पंचगंगेवरच्या तेरवाड बंधाऱ्यापाशी पोटं वर करून तरंगणारे मासे, आणि त्याच पाण्यात लग्नातलं हिरवं लुगडं धुणारी आजी. आवाज होता तेव्हा, ड्रम थांबून नुसतं दगडावरचं आपटणं राहतं तिथं माझा घसा दाटला.

आणि मग शेवटी ती पाटी! 'पंचगंगा वाचवा'. मित्र म्हणाले लोकांना कळणार नाही, म्हणून घातलीस, आणि आता ठेवू की काढू हे मला विचारतोस. काढ. शब्दांनी सांगितलं ते चित्रानं पुन्हा सांगायचं नाही. मैला, कारखान्यांचं सांडपाणी, सगळं तुझ्या कडव्यांत आलंय.

लोकांना कळणार नाही, हे कोल्हापुरात बसून म्हणतोस? पावसाळ्यात इथं कोपऱ्यावरचा पानवाला 'मच्छिंद्री झाली का?', म्हणजे नदीचं पाणी पुलावरच्या खुणेपर्यंत चढलं का, असं विचारतो. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांकडे निघालं की शाळकरी पोरांनाही धोका कळतो. या गावाला मेलेला मासा समजावून सांगायचा? याच गावात बाबूराव पेंटरांनी १९२५ साली 'सावकारी पाश' केला. सावकारापायी जमीन गमावलेला शेतकरी, काम व्ही. शांतारामांचं. पाहणाऱ्याच्या आठवणीत वर्षानुवर्षं राहिली ती अंधारातली एकटी झोपडी आणि रडणारं कुत्रं. मूकपटातलं कुत्रं ऐकू आलं, लेका!

मी हे इतकं ताणून का धरतो, तेही ऐक. १९९८ साली मी ऊसतोड मजुरांवरच्या गाण्याचा व्हिडिओ केला. रात्री बैलगाडीच्या जुवाला बांधलेली लुगड्याची झोळी, आत झोपलेलं पोर, मागं विझत आलेली चूल. एवढंच. पैसे घालणाऱ्याला घोषणा देणारा मोर्चा हवा होता. मी झोळी कापली, मोर्चा घातला. कॅमेरा भाड्याचा होता, घरात आजारपण होतं, त्या पैशांतून तीन माणसांचे पगार गेले. तेव्हा मला कुणी विकला गेला म्हणू नये. पण गाणं ज्या मजुरांचं होतं, त्यांच्यातला एकजण व्हिडिओ बघून म्हणाला, "आमची झोळी कुठाय?" ती रीळ नंतर सापडली नाही. त्यानंतर एकाही कामात मी शब्दांवर चित्राचं ओझं घातलं नाही, आणि त्यापायी कामं गेली तर जाऊ दिली.

पण कवितेच्या नावाखाली काहीही चालतं असं समजू नकोस. रंकाळ्याच्या काठावर पेटवलेली ती गिटार कशासाठी? त्या आगीचा तुझ्या नदीशी, तुझ्या आजीशी काय संबंध? दिसायला भारी म्हणून घातलीस, हे मला पहिल्याच फटक्यात कळलं आणि राग आला, कारण त्याच्या आधीची दोन मिनिटं तू खरं बोलत होतास. शब्दांनी सांगितलेलं चित्रानं परत सांगायचं नाही, तसं चित्रानं खोटंही बोलायचं नाही.

पाटी आणि गिटार काढून रविवारी सकाळी ये, हार्ड डिस्क घेऊन. आणि आजीचा शॉट चार सेकंदांनी वाढव. ती लुगडं पिळते, आणि खाली पडणाऱ्या पाण्याचा रंग दिसायच्या आतच तू कट मारलायस.