बेसबॉलमध्ये आयपीएलसारखी पर्सची मर्यादा नसते, मग बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाने 2020 मध्ये आपला स्टार खेळाडू मूकी बेट्सला का सोडलं? मालकाकडे पैसे नव्हते का?

पैसे होते. मालक जॉन हेन्री यांच्या ग्रुपकडे रेड सॉक्सबरोबर लिव्हरपूल फुटबॉल क्लबही आहे. त्यामुळे ‘परवडत नव्हतं’ हे कारण बॉस्टनमध्ये राहून मला तरी कधी पटलं नाही.

आयपीएलच्या 2025 च्या लिलावात पर्स होती 120 कोटींची, त्यापुढे एक रुपया नाही. मेजर लीग बेसबॉलमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चावर नुसती एक रेषा असते. ती ओलांडायला बंदी नाही, फक्त वरच्या रकमेवर कर भरायचा. त्या वेळचे दर होते पहिल्या वर्षी 20 टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षी 50. फारच वर गेलात तर अधिभार वेगळा. एक वर्ष रेषेखाली आलात की पाटी कोरी, पुन्हा 20 पासून सुरुवात.

रेड सॉक्स 2018 आणि 2019 दोन्ही वर्षं रेषेच्या वर होते. 2018 ला खर्चाचं चीज झालं, वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकली आणि बेट्स एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. 2020 ची रेषा होती 20.8 कोटी डॉलर. समजा संघ 3 कोटींनी वर गेला असता, तर लागोपाठ तिसरं वर्ष म्हणून 50 टक्क्यांनी कर बसला असता दीड कोटी, वर थोडा अधिभार. एका पिढीत एखादा मिळणारा खेळाडू राखायला हे जास्त आहे का, तुम्हीच ठरवा.

खरी गोम बेट्सच्या पगारात नव्हतीच, ती पिचर्सच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांच्या, पगारात होती. डेव्हिड प्राइस 7 वर्षांसाठी 21.7 कोटी डॉलर, क्रिस सेल 5 वर्षांसाठी 14.5 कोटी, नेथन इओवाल्डी 4 वर्षांसाठी 6.8 कोटी. यातल्या प्राइसचे 3 वर्षांचे 9.6 कोटी अजून द्यायचे होते आणि त्याला त्या भावात घेणार कोण? आपल्याकडे पूर्वी गॅसचं कनेक्शन हवं तर शेगडीही आमच्याकडचीच घ्या म्हणायचे ना, तसं झालं. फेब्रुवारी 2020 मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाला बेट्स हवा होता, म्हणून प्राइसही घ्यावा लागला. वर प्राइसचा निम्मा पगार बॉस्टननेच भरायचा! आधी केलेल्या महागड्या करारांची किंमत अशी बेट्सने चुकवली.

क्लबची बाजूही सांगतो. बेट्सच्या करारात एकच वर्ष उरलं होतं. त्यानंतर तो मोकळा, कुठल्याही संघाकडे जाऊ शकला असता आणि बॉस्टनच्या हाती ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या फेऱ्यांमधली, एखादी निवड आली असती. ‘त्याला बाजारात उतरायचंच आहे’ असं आम्हाला वर्षभर ऐकवलं गेलं. मग जुलै 2020 मध्ये, बाजारात न उतरताच, त्याने डॉजर्सशी 12 वर्षांचा 36.5 कोटी डॉलरचा करार केला. कोविडमुळे बाजाराचाच भरवसा उरला नव्हता, हे मान्य. पण त्यातले 11.5 कोटी त्याला बऱ्याच उशिरा, निवृत्तीच्या वयात मिळणार आहेत. म्हणजे पैसे असे पुढे ढकलून कागदावर रेषा सांभाळायच्या वाटा होत्या, त्या शोधायची इच्छा हवी.

बेट्सच्या बदल्यात डॉजर्सकडून आलेल्या तिघा खेळाडूंपैकी 2023 संपताना एकटा कॉनर वाँग बॉस्टनमध्ये उरला होता. डॉजर्सनी मात्र 2020, 2024 आणि 2025 ला वर्ल्ड सिरीज जिंकली.

ऑगस्ट 2023 मध्ये बेट्स पहिल्यांदाच पाहुणा म्हणून रेड सॉक्सच्या मैदानावर, फेनवे पार्कला, खेळायला आला, तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. रेड सॉक्सच्या घरच्या जर्सीवर खेळाडूचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. माझ्या मुलाने त्या दिवशी जुनी, बेट्सच्या 50 नंबरची काढली. खांद्यात घट्ट होत होती, तरी तीच घातली.