दुकानाची वही मुलाला परत द्या

पत्र : बार्शीच्या मार्केट यार्डात माझं आडत दुकान आहे. मुलानं यंदा बारावी कॉमर्सची परीक्षा दिली. अकरावीला 81 टक्के होते. नववीत इंटरमिजिएट ड्रॉइंगला ए ग्रेड होती. टीव्हीवर 'ऑरेंज इकॉनॉमी'बद्दल, म्हणजे सर्जनशील उद्योगांच्या अर्थव्यवस्थेबद्दल, सारखं ऐकतो, अर्थसंकल्पातही आलं की 2030 पर्यंत ॲनिमेशन, व्हीएफएक्स (पडद्यावरचे संगणकी दृश्यपरिणाम), गेमिंग आणि कॉमिक्सला 20 लाख माणसं लागणार. सोलापुरात एका संस्थेचा सेमिनार झाला. तिथं तीन वर्षांच्या ॲनिमेशन-व्हीएफएक्स कोर्ससाठी 25 हजार भरून जागा धरली आहे. एकूण फी 6 लाख, कर्ज काढीन. संस्था म्हणते, किमान 25 हजारांची नोकरी नक्की. मुलगा संध्याकाळी दुकानाची वही लिहायचा, शेतकऱ्यांच्या पट्टीसाठी (वजावट करून हाती पडणाऱ्या रकमेचा हिशोब) त्यानं आपणहून एक्सेल शीटही केलं होतं. आता ते बंद करून रोज दोन तास चित्र काढायला बसवतो, पण त्याचं मन लागत नाही. विचारलं तर म्हणतो, 'तुम्ही म्हणाल तसं.' त्याला या क्षेत्राचं महत्त्व कसं पटवून द्यावं?

उत्तर :

नमस्कार. तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर मी देणार नाही, कारण पटवून देण्याची गरज मुलाला नाही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकले ते त्याचे तीन शब्द : 'तुम्ही म्हणाल तसं.' अठरा वर्षांचा मुलगा असं बोलतो तेव्हा तो कबूल झालेला नसतो. बोलून उपयोग नाही, एवढंच त्याला कळलेलं असतं. हाच मुलगा तीन वर्षांनी, कर्जाचा पहिला हप्ता आल्यावर, 'तुम्हीच म्हणाला होतात' असं म्हणेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

दुसरं खटकलं ते वहीचं. हमाली-तोलाई वजा करून पट्टी आपोआप निघेल असं शीट या मुलानं कुणी न सांगता केलं. त्यासाठी शेतमालाचं वजन, दर, वजावट आणि उचल यांचा एकमेकांशी असलेला संबंध डोक्यात स्पष्ट असावा लागतो. तो त्याच्या डोक्यात होता. नववीतल्या ए ग्रेडनंतर तीन वर्षांत त्यानं स्वतःहून एखादं तरी चित्र काढलं का, याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. काढलं असतं तर तुम्ही नक्की लिहिलं असतं. म्हणजे तो आपणहून जे करत होता ते तुम्ही काढून घेतलंत आणि जे करत नव्हता त्यासाठी दोन तास बसवलंत. इंजिनिअरिंगसाठी मुलांना कोंडणारे पालक पुष्कळ दिसतात. क्षेत्राचं नाव 'सर्जनशील' असल्यानं कोंडणं बदलत नाही.

आता ज्या आकड्यांनी तुम्हाला भुरळ घातली त्यांच्याकडे येऊ. 'सर्जनशील उद्योग एवढा मोठा, म्हणजे चित्र काढणाऱ्याला तेवढं काम' हा गैरसमज सेमिनारवाले मुद्दाम दूर करत नाहीत. 2022 साली जगातल्या सर्जनशील सेवांची निर्यात 1.4 लाख कोटी डॉलर होती, हे संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेचं मोजमाप आहे. पण त्यात काय काय धरलंय ते पाहा. सॉफ्टवेअर 41 टक्के, संशोधन आणि विकास 31 टक्के, जाहिरात, बाजार संशोधन आणि वास्तुरचना मिळून साधारण 15 टक्के. चित्रपट, टीव्ही, संगीत ज्यात येतं तो दृकश्राव्य भाग 8 टक्क्यांच्या आत. ब्रिटननं 1998 मध्ये हे उद्योग पहिल्यांदा पद्धतशीर मोजले तेव्हाही सॉफ्टवेअर यादीत होतंच. म्हणजे बॅनरवर ड्रॅगनचं चित्र आणि त्याखाली जो आकडा छापतात, त्याचा मोठा भाग संगणकाचा प्रोग्राम लिहिणाऱ्यांचा आणि प्रयोगशाळेतल्या लोकांचा आहे.

आपल्या देशाचे आकडे घ्या. फिक्की ही उद्योग संघटना आणि ईवाय ही सल्लागार कंपनी यांच्या अहवालानुसार 2024 मध्ये भारतातला माध्यम-मनोरंजन व्यवसाय सुमारे 2.5 लाख कोटी रुपयांचा होता, त्यात ॲनिमेशन-व्हीएफएक्स सुमारे 10,300 कोटी, म्हणजे शंभरातले चार रुपये. आणि त्या वर्षी हा भाग 9 टक्क्यांनी घटला. आपले बरेच स्टुडिओ अमेरिकेतल्या चित्रपट-मालिकांचं काम घेतात. 2023 मध्ये हॉलिवूडचे लेखक मे ते सप्टेंबर आणि अभिनेते जुलै ते नोव्हेंबर संपावर होते. व्हीएफएक्सचं बरंचसं काम चित्रीकरणानंतर येतं, त्यामुळे तिकडचं थांबलेलं चित्रीकरण इकडे काही महिन्यांनी रिकाम्या खुर्च्यांच्या रूपात दिसलं. फेब्रुवारी 2025 मध्ये टेक्निकलर हा व्हीएफएक्सचं काम करणारा जुना परदेशी समूह कोसळला आणि भारतातल्या हजारो कलाकारांची नोकरी गेली. त्याच वर्षी 1 ते 4 मे मुंबईत केंद्र सरकारची वेव्हज ही माध्यम-मनोरंजन परिषद दिमाखात झाली, राज्यानंही या क्षेत्रासाठी धोरण आणलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सरकारचं लक्ष आहे, संस्था उभ्या राहतायत, मुंबईत आयआयसीटी ही सर्जनशील तंत्रज्ञान शिकवणारी संस्था सुरू झाली आहे आणि पुढच्या दहा वर्षांत काम वाढेल असं मलाही वाटतं. पण तुरीचं पीक राज्यात विक्रमी आलं म्हणून प्रत्येक शेतकऱ्याच्या पट्टीत पैसे वाढत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कोर्सनंतर पहिलं काम बहुधा रोटोचं मिळतं. चित्रातला माणूस पार्श्वभूमीपासून वेगळा करण्यासाठी त्याच्या कडेनं रेषा आखत जायची. एका सेकंदाच्या 24 फ्रेम, पाच सेकंदांच्या शॉटच्या 120. उडणारे केस, हलणारी बोटं, धूसर झालेला हात यांवर दिवस जातात. ज्याला हे आवडतं तो यातूनच पुढे कंपोझिटिंगला, म्हणजे वेगवेगळी चित्रं एका दृश्यात बेमालूम जोडण्याच्या कामाला, जातो आणि उत्तम कमावतो. ज्याला आवडत नाही त्याची मान आणि डोळे आधी जातात, मग उमेद. शिवाय सोप्या रोटोचं काम आता एआयची साधनं झपाट्यानं खातायत. नुसत्या रोटोवर तीन वर्षं घालवणारा कोर्स आज घेणं मला पटत नाही.

कर्जाचा हिशोब तुमच्या मुलालाच मांडायला सांगा, तो माझ्यापेक्षा नीट मांडेल. दरवर्षी 2 लाख उचललेत आणि व्याज 11 टक्के धरलं, तर शिक्षण चालू असताना न भरलेलं सरळ व्याज तीन वर्षांत 1 लाख 32 हजार होतं. 7 लाख 32 हजारांचे पाच वर्षांचे हप्ते महिना 15,900 च्या आसपास पडतात. संस्थेनं सांगितलेले 25 हजार खरोखर मिळाले तरी मुंबई-पुण्यात खोली, मेस आणि लोकलसाठी उरले 9,100. हे शैक्षणिक कर्जाचं झालं. कोर्सला विद्यापीठाची मान्यता नसेल तर बँक वैयक्तिक कर्जाकडे ढकलते आणि तिथं हप्ते लगेच सुरू होतात.

जागा धरायला भरलेल्या 25 हजारांबद्दल या आठवड्यातच हालचाल करा. प्रवेश रद्द करून रक्कम परत मागणारं पत्र ईमेलनं आणि रजिस्टर पोस्टानं, पावतीच्या प्रतीसह पाठवा. फोनवर बोललेलं धरलं जात नाही. सोबत चार गोष्टी लेखी मागा : पदवी कोणत्या विद्यापीठाची, मागच्या बॅचमधले किती जण दाखल झाले आणि किती जणांना काम लागलं, त्यांचे शोरील (कामाच्या नमुन्यांचे व्हिडिओ) कुठे पाहायला मिळतील आणि नोकरीची हमी करारात कोणत्या कलमात आहे. टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवा. पैसे बुडाले तरी 25 हजार वाचवायला 6 लाख घालू नका.

मुलाला मनापासून कलेकडेच जायचं असेल तर रस्ते आहेत : बीएफएसाठी (ललित कलेची पदवी) राज्याची कला सीईटी, डिझाइनसाठी एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची आणि आयआयटी मुंबई घेते ती यूसीड. कॉमर्सची मुलंही देऊ शकतात, यंदाच्या डिझाइनच्या परीक्षा मात्र होऊन गेल्या.

पण मला वेगळंच सुचवायचं आहे, आणि तेही तुम्ही त्याच्यावर लादू नका, फक्त समोर ठेवा. या उद्योगांत चित्र काढणाऱ्यांइतकीच वानवा हिशोब समजणाऱ्यांची आहे. स्टुडिओ काम घेतो ते माणूस-दिवसांच्या बोलीवर. समजा 200 शॉट आहेत आणि एका शॉटला रोटोचे तीन, पेंटचे (नको ते पुसून काढण्याचे) दोन, कंपोझिटिंगचे चार दिवस धरले. झाले 1,800 माणूस-दिवस, 20 कलाकारांना 90 दिवसांचं काम. करारात किती वेळा दुरुस्त्या करून द्यायच्या हे लिहिलं नाही आणि ग्राहकानं प्रत्येक शॉटला एकच दिवस जास्त खाल्ला, की 20 माणसांचे 10 दिवसांचे पगार मालकाच्या खिशातून. चांगलं काम करणारे छोटे स्टुडिओ अशानं बसतात, कलेत कमी पडून नव्हे. परदेशी काम करणाऱ्यानं दर आर्थिक वर्षी जीएसटीचा एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरायचा असतो. तो राहिला की आधी कर भरा आणि परताव्याची वाट पाहा, तोवर पगाराचे पैसे अडकलेले. परदेशी निर्मात्यानं भारतात चित्रीकरण केलं तर केंद्र सरकार पात्र खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत, कमाल 30 कोटी परत देतं. तो पैसा मिळतो व्हाउचरच्या शिस्तीवर.

मराठी व्यावसायिक नाटक तर तुमच्या यार्डाच्या सगळ्यात जवळचं. नटांची नाईट (दर प्रयोगाचं मानधन), थिएटरचं भाडं, सेट नेणारा टेम्पो, वर्तमानपत्रातली जाहिरात, सगळं वजा जाता बुकिंगमधून काय उरलं, हे त्याच रात्री कळावं लागतं. प्रयोगाचा हिशोब आणि पट्टी यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही.

हक्कांचा व्यवहार हे याहून मोठं काम. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं मानली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. 2012 च्या दुरुस्तीनं चित्रपटातल्या गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीत समान वाटा मिळाला, आणि तो सोडून दिला असं करारात लिहून घेता येत नाही. लेखकाच्या निधनानंतर 60 वर्षं हे हक्क चालतात. इतकी वर्षं कुणाला किती जायचं याची खतावणी कुणीतरी ठेवावीच लागते, आणि ती वाचता येणारी माणसं थोडी आहेत. बीकॉम करता करता सीए फाउंडेशन (ती आता वर्षातून तीनदा होते), किंवा बीकॉमनंतर तीन वर्षांचं एलएलबी, एवढ्यावर या दारातून आत जाता येतं. पुढे त्याला सिनेमा नको वाटला तरी हे शिक्षण फुकट जात नाही.

निर्णयाआधी दोन महिने त्याला मोकळे द्या. ब्लेंडर हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घरच्या संगणकावर टाकून द्या. यार्डात चालत येणाऱ्या हमालाला विचारून त्याचा पाच सेकंदांचा व्हिडिओ त्यानं मोबाइलवर घ्यावा आणि 120 फ्रेमचा रोटो करावा. कुणी आठवण करायची नाही, शेजारी बसायचं नाही, किती झालं विचारायचं नाही. तिसऱ्या दिवशी तो आपणहून संगणकाशी बसला तर माझं वरचं बरंचसं मत चुकलं म्हणा आणि त्याला यूसीडची तयारी करू द्या. त्याच दोन महिन्यांत सोलापुरातल्या एखाद्या कॉलेजच्या एकांकिकेचा जमाखर्च त्याला सांभाळायला मिळाला तर तोही द्यावा : नेपथ्याचं लाकूड, लाइटचं भाडं, तालमीचा चहा, प्रवास. कशात त्याला रात्रीचे अकरा वाजलेले कळत नाहीत ते पाहा. दोन्हींत कंटाळला तर तेही सांगू द्या. त्याला तिसरंच काही हवं असेल आणि ते अजून कुणी विचारलेलं नसेल.

आज दुकान बंद करताना रोजमेळ त्याच्या हातात द्या, काही न बोलता दिलात तरी चालेल. ड्रॉइंगचे दोन तास आजपासून बंद. आणि मला पुढचं पत्र त्यानं लिहावं, तुम्ही वाचून न बघता पाठवावं.