दाढ काढायची लय भीती वाटते, पूर्ण झोपवून काढतात का?

काढतात. पण एका दाढेसाठी पूर्ण बेशुद्ध करायच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, त्याला भूलतज्ज्ञ लागतो, ऑपरेशन थिएटर लागते. तुमच्या प्रश्नातल्या "भीती" शब्दावर मात्र मी अडकलो, कारण हाच शब्द माझ्या साडभावाने माझ्या कपाळावर चिकटवला आहे.

2017 ची गोष्ट, डवरणी चालू होती. खालची दाढ ठणकत होती, गाल सुजून हा एवढा, चार दिवस साडभावाच्याच मेडिकलमधल्या गोळ्यांवर काढले. मग त्यानेच गाडीवर बसवून तालुक्याला नेलं. डॉक्टरने इंजेक्शन मारलं, फोनवर बोलला आणि दोन मिनिटात पक्कड लावली. बावा, मी त्याचं मनगटच धरलं! म्हणे "इंजेक्शन दिलं ना, घाबरता काहून?" अजून एक टोचलं, पुन्हा तेच. वरचा तुकडा निघाला, मुळं आतच, आणि मी तोंडात कापूस धरून उठून चालता झालो. साडभाऊ बाहेर बाकावर बसून सगळं ऐकत होता. तेव्हापासून एक पंगत सोडली नाही त्याने, "आमचे भाऊ वावरात साप मारतात अन् सुईले पाहून पळतात." डी.फार्म. आहे ना, लोक त्याचंच ऐकतात.

दोन वर्षांनी मुळं पिकली तेव्हा वर्ध्याजवळ सावंगी मेघेला दातांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या लेकीच्या वयाच्या डॉक्टर मॅडमने सांगितलं की पू धरलेल्या जागी आम्ल वाढते, तिथं लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचं औषध, नसेत नीट शिरतच नाही. आधी अँटिबायोटिक, मग सुई दाढेजवळ नाही तर पार मागे, जबड्याच्या नसेपाशी. आणि थांबली. "काका, अर्धा ओठ जड झाला का?" हो म्हटल्यावरही टोकदार काडीने हिरडी टोचून पाहिली, मग हात लावला. मूळ तुटल्याचा कडकड आवाज आला पण दुखलं नाही. गॅस नाही, गुंगी नाही. म्हणजे 2017 ला मी घाबरलो नव्हतो, बधिरच झालो नव्हतो. मेडिकलवाल्याला हे कळू नये?

तर तुमचं. खरंच भीतीच असेल तर नाकाने घ्यायचा नायट्रस ऑक्साइड गॅस असतो, 1844 मध्ये अमेरिकेतल्या होरेस वेल्स नावाच्या दातांच्याच डॉक्टरने स्वतःची दाढ त्यावर काढून घेतली होती, तो काय भित्रा होता? किंवा मिडाझोलमचं इंजेक्शन, माणूस गुंगीत असतो, नंतर फारसं आठवत नाही. हे नागपूर, वर्ध्याकडे विचारा. पण गुंगीने भीती जाते, दुखणं पूर्ण जात नाही, बधिरतेची सुई घ्यावीच लागते. खालची दाढ असेल तर ओठ जड झाल्याशिवाय पक्कड लावू देऊ नका, डॉक्टर रागावला तर रागावू द्या.

हो, गुंगीचं इंजेक्शन असेल तर ते सांगतील तितके तास उपाशी राहायचं, सोबत माणूस न्यायचा, त्या दिवशी गाडी चालवायची नाही. साध्या सुईला मात्र जेवून जा. सुईत बहुतेक वेळा अ‍ॅड्रेनॅलिन असते, थोडा वेळ छाती धडधडते, बीपी किंवा हृदयाचं काही असेल तर आधीच सांगा. नाक चोंदलेलं असेल तर गॅसचा उपयोग नाही. आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, खाऊन तोंड उघडत नसेल तर मागे सुई पोचवणंच कठीण.

साडभावाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही आता. पोळ्यापासून त्याचीही दाढ ठणकून राहिली, स्वतःच्याच गोळ्या खाते. परवा म्हटलं चाल सावंगीले, तर म्हणे सोयाबीन निघू दे.