कळमनुरीच्या दादांना: गिलाव्यासाठी गवंडी बोलावण्याआधी एवढं वाचा

दादा, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि नंतर बराच वेळ डोळा लागला नाही. आजोबांनी बांधलेलं दगड-मातीचं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं घर, मार्च २०२४ मध्ये आणि परत जुलैमध्ये बसलेले ४.५ चे धक्के, अधूनमधून जमिनीतून येणारा गडगडाट, मागच्या भिंतीला पडलेल्या उभ्या भेगा, आणि त्या बुजवायला आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घ्यायचा विचार. शिवाय आई घर सोडायला तयार नाही. आमच्याच घरातल्या कुणीतरी हे लिहिलंय असं वाटलं.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही. औसा तालुक्यातला शेतकरी आहे. आमचं गाव किल्लारीपासून वीसेक किलोमीटरवर. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. पुढे दहा-बारा वर्षं दगडी घरांच्या मजबुतीकरणाच्या कामांवर गवंड्यांबरोबर राबलो. तेवढ्या अनुभवावर बोलतोय. शेवटचा शब्द तुमची भिंत प्रत्यक्ष पाहणाऱ्या जाणकाराचा.

भूकंप आल्यावर काय करायचं ते सगळीकडे छापलेलं असतं, ते मी परत लिहीत नाही. पण तुमच्या पोस्टखाली एकानं लिहिलंय की छोटे धक्के बसतात ते चांगलंच, ताण निघून जातो. ते मनातून काढून टाका. किल्लारीचा भूकंप ६.२ चा होता. तेवढी ऊर्जा बाहेर पडायला ४.५ चे साडेतीनशेच्या आसपास धक्के लागतील. किल्लारीला १९९२ मध्येही धक्के बसत होते, लोक अंगणात झोपत होते, सुरक्षित जागा मागत होते. मग धक्के कमी झाले, माणसं घरात परतली, आणि पुढच्या वर्षी गणपती विसर्जनाच्या रात्री झोपली ती उठलीच नाहीत. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. उलट पालघरकडे डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून शेकडो धक्के बसले, पण किल्लारीसारखा मोठा आला नाही. म्हणजे छोट्या धक्क्यांवरून पुढचं काहीच ठरवता येत नाही. तारीख सांगणारा कुणीही असो, व्हॉट्सॲपवरचा की टीव्हीवरचा, त्याला बाजूला ठेवा.

आणखी एक. १९९३ साली भूकंपाच्या नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, म्हणजे झोन एकमध्ये होती. तिथे नंतर खोदकाम झालं तेव्हा काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३३८ मीटर जाडीचा निघाला. त्याच्या पोटातली भेग वरून कुणाला दिसणार? २००२ साली नकाशातून झोन एक काढूनच टाकला. त्यामुळे आपला भाग धोक्याचा नाही असं कुणी सांगितलं तर नुसती मान डोलवू नका.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

भूकंपानंतर ५२ गावं उठवून नवीन जागी वसवली. आमचं गाव त्यात नव्हतं. आमच्यासारख्यांना दुरुस्ती आणि मजबुतीकरणासाठी हप्त्याहप्त्यानं पैसे आणि सामान मिळालं. करायचं काय ते कागदावर नीट लिहिलेलं होतं: भिंतीत आरपार बांध, म्हणजे आतली-बाहेरची बाजू एकत्र धरून ठेवणारे दगड, घालायचे, माळवदावरची माती कमी करायची, भिंतीच्या डोक्याजवळून चारी भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा फिरवायचा. वडिलांनी विचार केला की भिंत फोडण्यापेक्षा छान गिलावा करून घेऊ, घरही दिसायला नवं होईल. गवंड्यालाही तेच सोपं होतं. सिमेंट संपलं, भिंती गुळगुळीत झाल्या, चुना लावला.

तपासणीचं काम ज्या कार्यालयाकडे होतं त्याचं नाव घेत नाही. तिथून एक साहेब आले, मोटारसायकल बंदसुद्धा केली नाही. दारातून भिंतीकडे पाहिलं, "काम झालेलं आहे" असा शेरा मारला, पुढचा हप्ता मंजूर. भिंतीवर एकदा हात मारून पाहिला असता, आरपार दगड कुठे घातले एवढं जरी विचारलं असतं, तर वडील उत्तर देऊ शकले नसते आणि काम परत करावं लागलं असतं. पुढे मी त्या कार्यालयात तीन वेळा गेलो. एकदा सांगितलं फाइल जिल्ह्याला आहे, एकदा सांगितलं योजना बंद झाली, तिसऱ्यांदा कुणी खुर्चीवरच नव्हतं. इतकी वर्षं झाली, तो शेरा आठवला की अजून पोटात तुटतं.

१९९८ च्या श्रावणात सात-आठ दिवस झड लागली होती. भूकंप नाही, धक्का नाही. दुपारी आई मागच्या भिंतीला टेकून ज्वारी निवडत होती. बाहेरचा दगडाचा पदर गिलाव्यासकट अंगणात कोसळला, आणि आतला तिच्या पायावर. मांडीचं हाड मोडलं. तिच्या हातात काठी आली ती आजतागायत.

का पडली ते दगड उचलताना कळलं. आपली अडीच-तीन फुटांची भिंत ही एक भिंत नसतेच. बाहेर एक पदर, आत एक पदर, मधे बारीक दगड आणि मातीची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा लांब दगड आमच्या सबंध भिंतीत एकही निघाला नाही. माळवद गळून पाणी भरीत उतरत होतं. पूर्वी ते दगडांमधल्या दरजांतून बाहेर येऊन वाळायचं. सिमेंटनं दोन्ही बाजूंनी तोंड बंद केल्यावर माती आतल्या आत भिजून फुगली. भिंतीला पोट आलं होतं, पण गिलाव्याखाली ते आम्हाला दिसलंच नाही. भेग दिसते तोवर भिंत तुम्हाला काहीतरी सांगत असते. ते बुजवू नका.

तुम्ही एवढं करा. भिंतीच्या डोक्यावरून ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर चार उंचीवर मोजून लिहून ठेवा. महिन्यानं परत मोजा. मधेच अंतर कमी भरलं तर पोट आलंय. हातोडीच्या दांड्यानं हलके ठोकून बघा. घट्ट भिंत टणक वाजते, सुटलेली भदभद वाजते. कोनाडे, देवळ्या आणि जुनं बळद, म्हणजे धान्य साठवायची भिंतीतली पोकळ जागा, कुठे आहे ते बघा. बळद असलेली भिंत आतून पोकळच असते, तिथे अंथरूण घालू नका. आईंची बाज आज संध्याकाळीच भिंतीपासून काढून लाकडी खांबांच्या मधे आणा. १९९३ ला बऱ्याच घरांत भिंती आडव्या झाल्या, पण खांब-तुळयांचे खण उभे राहिले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. खात्री कशाचीच नाही, पण फुगलेल्या भिंतीखालच्यापेक्षा ती जागा बरी.

दुरुस्ती करायची तर दिवाळीनंतर, भिंत वाळल्यावर. सुरुवात माळवदापासून करा. दर उन्हाळ्यात गळू नये म्हणून पांढऱ्या मातीचा नवा थर टाकतात आणि जुना कुणी काढत नाही. आमच्याकडे हात-सव्वा हात माती साठली होती. हे सगळं ओझं रात्री माणसांच्या डोक्यावर असतं. सगळीकडून सारखी उतरवत उतरवत ती वीतभर राहू द्या आणि खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. एका बाजूची सगळी माती आधी काढलीत तर तुळया कलतात, हे लक्षात ठेवा.

मग आरपार बांध. दर तीन-साडेतीन फुटांवर, आडवे आणि उभे, भिंतीतला एकेक दगड अलगद काढून आरपार भोक करायचं, दोन्ही टोकांना वाकवलेली सळई घालून काँक्रीट भरायचं. एका वेळी एकच भोक, शेजारचं लगेच नाही. घण अजिबात चालवू नका, छोट्या पहारीनं हलवून काढा. दगड काढताना विंचू निघतात, हातमोजे घाला. छताला आधी टेकू द्या. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला दोन्हीकडून तिरके लाकडी आधार ठोकून घ्या. खर्च फार नाही आणि माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो. दरजा भरायच्या तर चुना-मातीनं भरा. पोट जास्तच आलं असेल तर बांध घालत बसू नका, तेवढी भिंत उतरवून परत बांधा. हे ठरवायला मात्र दगडी बांधकाम कळणारा माणूस हवा. नुसती स्लॅबची घरं बांधणारा भेटला तर तो पाडाच म्हणेल.

घर पाडून विटांची खोली बांधा असं तुम्हाला तीन-चार जणांनी सुचवलंय. पैसे असतील तर चांगलंच, पण पट्ट्याविना नुसत्या विटांची खोलीही धक्क्यात टिकत नाही. आमच्याकडे मजबुतीकरणाच्या पैशात कितीतरी जणांनी शेजारी नवी खोली बांधली. तिच्यात आता बियाणं आणि खतं आहेत, आणि माणसं जुन्याच माळवदाखाली झोपतात, कारण उन्हाळ्यात तिथेच गार लागतं.

गावातल्या शाळेची इमारत जुनी आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो विषय ग्रामसभेत मांडा आणि तपासणीचा ठराव लेखी घ्या. तपासणीला कुणी आलं तर सोबत उभे राहा, भिंतीवर हात मारायला लावा, फोटो काढा. नुसत्या शेऱ्यावर विश्वास ठेवू नका. एवढं एक मी हात जोडून सांगतो.

ओळंब्याची मापं आणि भेगांचे फोटो, शेजारी पट्टी धरून काढलेले, इथेच टाका. आमच्या गावातले एक जुने गवंडी अजून काम करतात, त्यांना दाखवून काय ते कळवतो. आणि तुमच्या आई तयार असतील तर माझ्या आईशी त्यांचं बोलणं करून देतो. तीही घर सोडायला तयार नव्हती. अजूनही त्याच घरात राहते, फक्त आता मागची भिंत नवी आहे आणि तिच्यावर बांधांची गोल टोकं ओळीनं दिसतात. दुपारी चारनंतर ती मोकळी असते.